आप्पांचा उंचवटा

मी भूमकडची. माहेरी मागच्या दाराची कडी काढली की समोर बालाघाटाचा डोंगर असायचा. लग्न होऊन बोरगुंडीला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांनी मला मोठ्या हौसेनं गच्चीवर नेलं, हात लांब केला आणि म्हणाले, "शिवप्रिया, त्यो बघ आपला उंचवटा. अख्ख्या गावात त्याच्याहून उंच जमीन न्हाय." मी डोळे बारीक करून बघितलं. हरभरा होता. त्याच्या पलीकडंही हरभराच होता. मधेच कुठंतरी थोडासा हरभरा बाकीच्या हरभऱ्यापेक्षा कमरेइतका वर आलाय, असं नीट लक्ष दिल्यावर जाणवत होतं. मला वाटलं, सासरे विनोदी दिसतात. हसायला तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाईंनी मागून पदर ओढला.

तो विनोद नव्हता, हे मला पुढं हळूहळू कळत गेलं. माझ्या सासऱ्यांचं नाव गुरुसिद्धप्पा. अख्खं गाव त्यांना आप्पा म्हणतं, मीही म्हणते. सासूबाई रुद्रम्मा, त्यांना आम्ही अव्वा म्हणतो. आप्पा अंगानं बुटके, आवाजानं उंच. कपाळावर विभूती, डोक्याला पांढरी टोपी आणि बोलणं मराठीत. राग आला की मात्र ते कानडीत जातात आणि तो उतरेपर्यंत तिकडंच राहतात. त्यांच्या पोटात एक गोष्ट पचत नाही, ती म्हणजे खोटं. दुसऱ्याचं तर नाहीच, स्वतःचंही नाही. मनात काही सलत असलं की त्यांची भाकरी अर्धी राहते. अव्वा त्यांचा चेहरा कधी बघत नाहीत, ताट बघतात.

बोरगुंडी अणदूरच्या पुढं आहे. हैदराबादचा हमरस्ता सोडून आत वळलं की जमीन जी सपाट होते ती होतच जाते. पोरांच्या हातून चेंडू सुटला तर तो थोडा विचार करतो आणि तिथंच थांबतो. पावसाचं पाणी कुठं जावं ते न कळून शेतात मुक्काम करतं. अशा गावातली माणसं उंचीच्या बाबतीत साधी असतील असं कुणालाही वाटेल. पण आमच्याकडं भूमला लोक डोंगरासाठी जेवढं बोलत नाहीत, तेवढं इथं हातभर उंचीसाठी भांडतात.

त्यातही गंमत अशी की उंच जमीन म्हणजे शेतकऱ्याच्या लेखी हलकी जमीन. पावसाबरोबर माती खाली जाते आणि वर मुरूम उरतो. म्हणून सोयरीक ठरवताना ह्या गावात एकाचीही जमीन उंच नसते. सगळ्यांच्या जमिनी खोलगट, काळ्याभोर, भेगेत पाय गेला तर गुडघ्यापर्यंत जाणाऱ्या. माझ्या वडिलांना आप्पांनी हेच सांगितलं होतं. मग पहिल्या वेळ अमावस्येला वडील जेवायला आले, तर तेच आप्पा त्याच शेतात उभं राहून सांगायला लागले की गावात ह्याच्यापेक्षा उंच काही नाही. वडिलांनी हळूच विचारलं, "व्याही, मला दाखवली ती जमीन कोणती होती?" आप्पा जराही वरमले नाहीत. म्हणाले, "हीच की. लग्नाला खोल आसती, आवसंला उंच."

मार्गशीर्षातली वेळ अमावस्या आमच्या भागात सगळ्यात मोठा सण. बाकी जगाला ती ठाऊकही नसते, आणि आम्हाला त्याचं काही वाटत नाही. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही. सगळे आपापल्या शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, तेच पांडव. त्यांना बाजरीचे उंडे, आंबट भज्जी, गव्हाची खीर दाखवायची, मग ताकात शिजवून आंबवलेली आंबिल 'ओलगे ओलगे' करत पिकावर शिंपडायची आणि जो कोणी बांधावरून जाईल त्याला ओढून जेवायला बसवायचं. दिवस मावळला की कडब्याची आणि पऱ्हाट्यांची लांब मोळी पेटवून शेताभोवती फिरवायची. तिला हेंडगा म्हणतात.

आता बोरगुंडीची आपली एक रीत आहे. हेंडगा वाटेल तेव्हा पेटवायचा नाही. गावातल्या सर्वांत उंच शेतात पहिला पेटणार, तो सगळ्यांना दिसणार, आणि मग बाकीच्यांचे. हा पहिला हेंडगा आमच्या घरात चालत आलेला. आप्पांच्या वडिलांच्या हातून तो आप्पांकडं आला तेव्हा आप्पांना मिशी फुटत होती. वर्षभर हा माणूस बाजारला जातो, बैलांशी भांडतो, बातम्यांवर चिडतो. पण खरं सांगायचं तर ते जगतात त्या एका संध्याकाळसाठी. कार्तिक लागला की पऱ्हाट्या निवडायला बसतात, वाकडी आली की बाजूला टाकतात.

ह्या मानावर इतरांनी डोळा ठेवला नाही असं नाही. एकानं तलावातला गाळ आणून शेतात टाकला आणि आमचंच उंच म्हणून उभा राहिला. आप्पा म्हणाले, "गाळ ट्रॅक्टरनं आणलाय, देवानं न्हाय." दुसऱ्यानं पाझर तलावाच्या भिंतीवर हेंडगा न्यायची टूम काढली. आप्पांनी देवळाच्या कट्ट्यावर सगळ्यांसमोर निकाल दिला, "भरावाची उंची चालायची न्हाय. जमीन जन्मताच उंच पायजे." हे वाक्य गावानं इतकं उचललं की कुणाची सून टाचांची चप्पल घालून लग्नाला निघाली तरी बायका म्हणायच्या, भरावाची उंची हाय गं.

गेल्या साली दिवाळी झाली आणि आप्पांनी विहिरीपासून खालच्या तुकड्यापर्यंत पाइपलाइन टाकायचं काढलं. चर नेमका उंचवट्याच्या पोटातून जात होता. जेसीबी आला. मी दुपारची भाकरी घेऊन गेले तर यंत्र बंद, यंत्रवाला झाडाखाली आडवा, आणि आप्पा चराच्या काठावर उकिडवे बसून आत बघतायत. इतके गप्प की मला आधी वाटलं साप निघाला.

"शिवप्रिया, खाली बघ. काय दिसतंय?"

मी बघितलं. वर मुरूम होता, दगडाच्या ढलप्या होत्या. त्याच्याखाली काळी माती होती, छान, लोण्यासारखी, खाली जात राहिलेली.

"वर मुरूम, खाली काळी माती," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला कळलं.

जगात कुठंही खणा, माती वर असते आणि मुरूम खाली. मुरूम वर यायचा असेल तर तो कुणीतरी आणून टाकावा लागतो. आप्पांनी एक दगड उचलून माझ्या हातात दिला. त्याच्या एका बाजूला सुरुंगाच्या भोकाची अर्धी गोल खाच होती. मग त्यांनी मान वळवून दहा पावलांवरच्या विहिरीकडं बघितलं. ती त्यांच्या आजोबांनी पाडलेली. विहिरीतून निघालेलं सगळं त्यांनी शेजारीच ओतलं होतं, आणि त्याच्यावर दोन पिढ्यांचं शेणखत आणि पालापाचोळा पडून हरभरा यायला लागला होता.

"ही आमच्या आज्ज्याची हीर हाय," आप्पा म्हणाले. "उलटी घातलेली."

मला त्यांची दया आली. म्हटलं, "आप्पा, पाइप टाकला, माती लोटली की झालं. कुणाला कळतंय?"

"कळायचं ऱ्हायलंय कुणाला? तुला कळलं, मला कळलं, आन् आज्ज्याला तर पयल्यापासनंच मालूम हुतं."

त्या रात्री ताटात अर्धी भाकरी राहिली. दुसऱ्या दिवशीही. अव्वांनी मला स्वयंपाकघरात गाठून खरं काय ते काढून घेतलं आणि नुसत्या 'अय्यो' म्हणाल्या. अमावस्या महिन्यावर आली होती, आणि पहिला हेंडगा हातून जाणार की राहणार ह्याच्यावर आमच्या घरातली भाकरी अडकली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी टोपी घातली, खाचेचा दगड घेतला आणि कट्ट्यावर जाऊन सगळं स्वतःच सांगून टाकलं. मी वाण्याकडं साखरेला गेले होते, तिथून ऐकत होते. आधी कुणाला खरंच वाटेना. मग मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "भरावाची उंची," आणि कट्टा हसून हसून वाकला. आप्पांनी हसू दिलं. स्वतःही हसले, जरा उशिरा. मग म्हणाले, "हसून झालं आसंल तर ऐका. वरचा भराव सोडून देऊ. त्याच्या बुडाची काळी माती तर देवाची हाय? ती तरीबी गावात उंच निघाली तर हेंडगा माझा. न्हाय निघाली, तर ज्याची निघंल त्याचा." मला त्या वेळी आप्पांचा इतका अभिमान वाटला की साखर तिथंच विसरून आले.

आता प्रश्न असा की दुसरं उंच कोण? घरी चर्चा निघाली तेव्हा मी म्हणाले, "गजराक्काचा माळ." सगळे माझ्याकडं बघायला लागले. गजराक्का गावाबाहेर माळावर राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लेकी आपापल्या घरी, ती आणि तिची म्हैस. तिच्या जमिनीत गवतसुद्धा विचार करून उगवतं. तो माळ कुणाला कधी उंच वाटला नाही, कारण चढ इतका सावकाश आहे की डोळ्याला कळत नाही. पण तिच्या घरून स्कूटी बंद करून सोडली की ती आपोआप गावाच्या कमानीपर्यंत येते. मी दर वेळी तसंच येते, पेट्रोल वाचतं.

आप्पांनी माझ्याकडं रोखून बघितलं. "तू कुणाकडनं हायेस?"

"भूमकडनं," मी म्हणाले. अव्वांना ठसका लागला.

पहिला प्रयत्न माझ्या नवऱ्यानं केला. श्रीशैलला वाटतं की फोनमध्ये सगळं असतं. त्यात उंची दाखवणारं काहीतरी त्यानं घेतलं आणि आप्पांना घेऊन बांधावर उभा राहिला. फोननं एक आकडा सांगितला. थोड्या वेळानं त्याच जागी दुसरा सांगितला. मग तिसरा. आप्पा म्हणाले, "तुझा फोन जाग्यावर हुबा ऱ्हाऊन डोंगर चढाय लागलाय. त्येला खिशात ठेव, दमंल."

मग उत्तरेश्वर मिस्त्रीला बोलावलं. गवंड्यांकडं पाणसळीची लांब पारदर्शक नळी असते. तिच्यात पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते एकाच पातळीला उभं राहतं. उत्तरेश्वरची योजना सोपी होती. माळावर सर्वांत उंच जागी थोड्या अंतरानं दोन काठ्या रोवायच्या, नळीचं एक एक टोक एकेकीला बांधायचं आणि दोन्हीकडच्या पाण्याच्या रेषा एका नजरेत धरून आमच्या शेताकडं बघायचं. आमच्या शेतात, चरातल्या काळ्या मातीवर श्रीशैलनं बांबू धरून उभं राहायचं. माळावर पाणी जमिनीपासून जेवढं उंच, तेवढ्याच उंचीवर बांबूला पांढरा टॉवेल. नजर टॉवेलाच्या खालून गेली तर आमचं शेत उंच. वरून गेली तर माळ.

ठरलेल्या दिवशी आम्ही माळावर पोचलो आणि पाण्याच्या कॅनला तडा गेल्याचं लक्षात आलं. निम्मा रस्ता ओला करत आलो होतो. गजराक्का दारातच होती. तिचा हंडाही तळाला गेलेला, टँकर दुपारी येणार. ती म्हणाली, "ताक चालंल का? सकाळीच घुसळलंय. लई हाय."

उत्तरेश्वरनं जरा विचार केला आणि म्हणाला, "पाणी काय, ताक काय, पातळ ते पातळ. उलट पांढरं लांबनं चांगलं दिसंल." आप्पांनाही ते पटलं. मलाही पटलं, मी काय सांगू. आम्ही नळीत ताक ओतलं. उरलेलं मीठ घालून प्यायलो.

उत्तरेश्वरनं एक डोळा झाकून बघितलं. मी बघितलं. आप्पांनी दोनदा बघितलं. नजर टॉवेलाच्या चांगली हातभर खालून जात होती. आमचं शेत उंच.

आप्पांनी उत्तरेश्वरला मिठी मारली. गजराक्काला म्हणाले, "तुमच्या ताकाला तोड न्हाय." येताना माझ्या स्कूटीमागं बसून गावभर हात हलवत आले. त्या रात्री अव्वांनी तव्यावरची भाकरी ताटात टाकायची आणि आप्पांनी ती संपवायची, असं बराच वेळ चाललं. अव्वांचे हात दुखले, पण चेहरा असा की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा पुन्हा तसेच जेवत होते तेव्हा उत्तरेश्वर दारात आला. तो शेजारी कुणाच्या ओट्याचं काम करत होता. त्यानं नळी धुवायला काढली तर फुंकर जाईना. खांद्यावरून नळी काढून त्यानं आप्पांच्या पुढ्यात धरली. मधल्या भागात एक पिवळसर, वीतभर लांब गोळा बसला होता.

"आप्पा, नळीत लोणी हाय," तो म्हणाला.

गजराक्कानं ताक गाळलं नव्हतं. थंडीचे दिवस, लोण्याचे कण नळीच्या पोटात जमले आणि वाट अडली. एका टोकाचं ताक दुसऱ्या टोकाला ओळखतच नव्हतं. कालचा सगळा हिशेब लोण्यानं केला होता.

उत्तरेश्वर हळूच म्हणाला, "म्या अजून कुणाला बोललो न्हाय."

हे तो चांगल्या मनानं म्हणाला, आणि खरं सांगते, माझ्याही मनात आलं की मोठा भला माणूस आहे हा. गाव कालच पेढे मागून मोकळं झालं होतं. पुन्हा मोजा म्हणायला कुणी येणार नव्हतं. आप्पांनी ताटातल्या भाकरीकडं बघितलं. अव्वांनीही तिकडंच बघितलं. मग आप्पा पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "रुद्रम्मा, घागर भर. आन् वाईच कुंकू दे. पाणी लाल दिसाय पायजे."

नळी गरम पाण्यानं धुतली, पुन्हा धुतली. श्रीशैल परत चरात उभा राहिला. ह्या वेळी माळावर अर्धं गाव आलं होतं, कारण लोण्याची गोष्ट उत्तरेश्वरनं नाही तरी त्याच्या बायकोनं पोचवली होती. अव्वांच्या कुंकवाचं पाणी दोन्ही काठ्यांवर चढलं, हललं आणि शांत उभं राहिलं. आप्पा म्हणाले, "आधी म्या बघणार." ते वाकले, एक डोळा मिटला. बराच वेळ वाकून राहिले.

"टावेल खाली हाय," आप्पा म्हणाले.

मग उत्तरेश्वरनं बघितलं, मग बाकी सगळ्यांनी रांग लावून बघितलं, पण ते नुसतं हौसेपोटी. टॉवेल खालीच होता. फार नाही. पण खाली. आप्पा माळावर मांडी घालून बसले. मला भीती वाटली की आता ते कानडीत जातात. ते इकडंतिकडं बघत होते. आमची विहीर, शाळा, देवळाचा कळस, कमान, सगळं तिथून खाली मांडून ठेवल्यासारखं दिसत होतं.

"इथनं समदं गाव दिसतंय की," ते म्हणाले. "आन् आमी इतकी सालं एकमेकाच्या पाठी बघत बसलो."

गजराक्का पदर खोचून उभी होती. सगळे तिच्याकडं वळले, तशी ती म्हणाली, "मंग? म्या काय करायचं आता?"

"पयला हेंडगा तुमचा, गजराबाई."

"त्यो तिन्हीसांजंला आसतोय न्हवं? तवा माझी म्हस पिळायची आसती. हेंडगा घिऊन नाचले तर ती पान्हा चोरंल."

मानाचा हेंडगा म्हशीसाठी अडलेला आमच्या गावानं पहिल्यांदाच बघितला. आप्पा गंभीर झाले. वाटाघाटी झाल्या. म्हैस श्रीशैल पिळेल, असं आप्पांनी त्याला न विचारताच कबूल केलं. तो अजून चरातच बांबू धरून उभा होता, त्याला काही कळलं नाही. गजराक्का तेवढ्यावर थांबली नाही.

"अजून एक. दर साली म्या आंबिल करते, भज्जी करते, आन् एवढ्या लांब कोण येत न्हाय. तशीच डोक्यावर माघारी आणते. हेंडगा माझा पायजे तर दुपारचं जेवाण बी माझ्या कोपीत पायजे. समद्यांचं."

"बिलकुल," आप्पा म्हणाले.

अमावस्येच्या दिवशी सकाळी आपापल्या शेतातली पूजा उरकून माणसं माळाकडं निघाली ती दिसतच राहिली. ट्रॅक्टर, बैलगाड्या, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका. गजराक्काची एक कोप पुरली नाही, पोरांनी शेजारी अजून दोन उभ्या केल्या. तिची भज्जी अर्ध्या पंगतीत संपली आणि मग ज्यानं त्यानं आपापलं आणलेलं तिच्याच पातेल्यात ओतलं. नऊ घरच्या भज्ज्या एकत्र झाल्या. तशी चव मी पुन्हा खाल्लेली नाही. गजराक्का वाढत फिरत होती आणि नको म्हणणाऱ्याच्या ताटात जास्त टाकत होती. उत्तरेश्वरपुढं ताकाचा तांब्या ठेवून म्हणाली, "घे मिस्त्री, गाळून आणलंय." सगळा माळ हसला. आप्पा पंगतीच्या मधोमध बसून जेवले, आणि अव्वांनी लांबून ताट बघून मला मान हलवून सांगितलं की ठीक आहे.

दिवस कलला तशी माणसं आपापल्या शेतांकडं परतली. हेंडगा ज्यानं त्यानं आपल्याच शेतात फिरवायचा असतो. श्रीशैल बादली घेऊन म्हशीपाशी थांबला. आप्पा, अव्वा आणि मी आमच्या विहिरीजवळ आलो. आप्पांची मोळी तयार होती, सरळ पऱ्हाट्यांची, नेहमीसारखी. ती त्यांनी खांद्याला टेकवली आणि माळाकडं तोंड करून उभे राहिले.

सूर्य गेला. आप्पांना उभं राहवेना. "पेटवत का न्हाय ही बाई? म्हस तर पिळून झाली आसंल." थोडं इकडं गेले, थोडं तिकडं. माझ्या लक्षात आलं की हा माणूस आयुष्यात कधी ह्या वेळेला वाट बघत उभा राहिलेला नाही. ह्या वेळेला त्यांच्या हातात जाळ असायचा, डोळ्यांत धूर आणि पुढं पळायला बांध.

मग माळावर एक ठिपका दिसला. आधी नुसता लाल. तो दबला, गेला असं वाटलं आणि एकदम उभा राहिला. त्याच्या मागं झाड नाही, घर नाही, नुसतं आभाळ. त्या उजेडात गजराक्का इवलीशी दिसत होती आणि जाळ तिच्यापेक्षा मोठा. ती पळायला लागली तसा तो लांब होत गेला. चारी बाजूंनी माणसं ओरडली, आणि मग एकेका शेतात उजेड व्हायला लागला. शाळेमागं, कमानीजवळ, तलावाकडं.

आप्पा जागचे हलले नाहीत.

"आसा दिसतोय व्हय," ते म्हणाले.

अव्वा त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "आसाच दिसत हुता. तुमचा बी. म्या दर साली हितनं बघत हुते."

आप्पांनी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी टोपी काढून तोंडावरून फिरवली. डोळे पुसायला धुराचं निमित्तही नव्हतं, त्यांची मोळी तर अजून खांद्यावरच होती. अव्वांनी पदरातून काडेपेटी काढली, पण पुढं केली नाही. दोघं तशीच माळाकडं बघत राहिली.

श्रीशैल बादली घेऊन बांधावरून धावत आला तेव्हा लांबूनच ओरडत होता की आप्पा, समद्या गावाचे पेटले, आपला कुठाय. त्या साली बोरगुंडीत सगळ्यात शेवटी पेटला तो हेंडगा आमचा होता.